‘आश्वासक’ म्हणू नका

मला इथे माझ्या नव्या कविता वाचायला तासभर दिलाय. अर्धा तास मी माझ्या वाचेन आणि उरलेल्या अर्ध्या तासात दुसऱ्यांच्या. संयोजकांना हे आत्ताच कळतंय, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी माझी एक.

वडिलांचा चष्मा
सहज घालून पाहिला.
अक्षरं
स्पष्ट दिसली.

याच्यापुढे आणखी दोन ओळी होत्या. वारसा म्हणजे काय वगैरे. मला त्या फार आवडायच्या. एका कवयित्री मैत्रिणीला फोनवर ऐकवल्या, तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, “अक्षरं दिसली ना? मग आता गप्प बस की!” दोन दिवस मी रुसून बसलो आणि तिसऱ्या दिवशी त्या ओळी खोडल्या. कविता माझ्या नावावर छापली जाईल, पण कुठे थांबायचं ते मैत्रिणीनं ठरवलंय.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली होती. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. ते आईची वही घेऊन अत्र्यांकडे गेले आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. मला त्या वाटेवरचे सोपानदेव दिसत राहतात. कवी असून हातात वही दुसऱ्याची! आज त्यांच्या ओळींपेक्षा आईच्या ओळी कितीतरी जास्त लोकांना पाठ आहेत, आणि ही व्यवस्था त्यांनीच करून ठेवली.

दुसऱ्याचं कौतुक करायलाही मेहनत लागते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२मध्ये आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तेव्हा मोठे नाटककार, ढसाळ नवखे. तरी कवितेतले शब्द अडले तेव्हा तेंडुलकरांनी अर्थ ढसाळांनाच विचारले, त्यांच्यासोबत मुंबईतल्या त्या गोलपिठा वस्तीत हिंडले, आणि आपल्याला हे जग माहीत नव्हतं हे लपवलं नाही. आपण काय करतो? मलपृष्ठावर ‘आश्वासक’ लिहून मोकळे होतो. काही कवी पन्नाशी उलटली तरी आश्वासकच असतात, बिचारे. मीही हा शब्द पुष्कळ वापरलाय. कबूल करतो, त्यातली दोन पुस्तकं मी पूर्ण वाचली नव्हती.

म्हणून आज विशेषण नाही. कुणाची ओळख करून देणार नाही, सरळ कविताच वाचतो. पहिली त्याच मैत्रिणीची. तिचा संग्रह अजून निघालेला नाही, हे कागद तिच्या हस्ताक्षरातले आहेत. एक विनंती. चौथ्या ओळीनंतर मी थांबेन, कारण तिनं तिथे जागा सोडली आहे. तिथे टाळ्या वाजवू नका, कविता संपलेली नसते.