बिस्किटाचा हिशोब

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय इंग्लंडातल्या केअर होम्सबद्दल, म्हणजे वृद्धाश्रमच म्हणा, बऱ्याच जणांचं बिल तिथली कौन्सिल, म्हणजे आपली पालिका समजा, ती भरते. पण आधी बिस्किटाची गोष्ट.

माझी मावसबहीण तिकडे एका होममध्ये कामाला होती, कुठलं ते नाही सांगत. तिथे एक आजोबा होते, जन्म गेला रेल्वेच्या तिकीट खिडकीत, त्यामुळे हिशोबाची सवय काय सुटते होय. चारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं यायची. (चहा म्हणजे काय, तर पिशवी बुडवलेलं गरम पाणी, त्याला चहा म्हणणाऱ्यांशी माझं जन्मात जमायचं नाही, असो.) एका सोमवारपासून बशीत एकच. आजोबा चकार शब्द बोलले नाहीत, पण डायरीत रोज लिहायला लागले, तारीख आणि पुढे 'बाकी १'. तीन महिन्यांनी मॅनेजरबाई राउंडला आल्या तेव्हा डायरी पुढे केली, माझी एक्क्याण्णव बिस्किटं कंपनीकडे निघतात म्हणे! बाई हसल्या, म्हणाल्या, बजेट वरून येतं आजोबा. वरून म्हणजे कुठून? ते काही बाईंना सांगता येईना, मालक बदलला एवढंच त्यांना ठाऊक. बरं, ही बिल्डिंग तरी आपली ना? नाही हो, ती विकली, आता भाड्यानं आहे. आजोबांनी डायरी मिटली. "हां, म्हणजे माझं बिस्कीट घरमालक खातोय."

आता बघा, आजोबांनी जे ओळखलं ते तिकडे फार मोठ्या प्रमाणावर झालेलं. सदर्न क्रॉस नावाची कंपनी होती, २००४ मध्ये ब्लॅकस्टोन या प्रायव्हेट इक्विटीवाल्यांनी घेतली. हे लोक पेन्शन फंडाबिंडांचा पैसा गोळा करून कंपनी घेतात आणि चार-पाच वर्षांत विकून मोकळे होतात. २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आणली, २००७ पर्यंत ब्लॅकस्टोन बाहेरसुद्धा पडली. आणि धंद्याची पद्धत कशी, तर होमच्या इमारती विकायच्या आणि त्याच परत भाड्यानं घ्यायच्या. परत सांगतो, घर विकायचं आणि त्याच घरात भाडेकरू व्हायचं. भाडं वर्षाला २० कोटी पौंडांच्या वर आणि करारातच दरसाल वाढ (आपला अकरा महिन्यांवाला घरमालक बरा म्हणायचा, त्याच्याशी निदान जिन्यात भांडता तरी येतं). इकडे कौन्सिलनी हात आखडले, खाटा रिकाम्या राहायला लागल्या, पण भाडं काही थांबेना. २०११ च्या जूनमध्ये कंपनीनं भाडं ३० टक्के कमी देणार म्हणून जाहीर केलं आणि जुलैत सगळं कोसळलंच. साडेसातशेच्या आसपास होम्स, ३१ हजार म्हातारी माणसं. होम्स दुसऱ्या कंपन्यांकडे गेली म्हणून बरं, पण ऐंशीच्या वयात रोज पेपरात आपलं घर जाणार की राहणार ते वाचायचं म्हणजे काय. पैसे काढून घेणारे केव्हाच गेले होते, भाडं मात्र राहिलं, लक्षात येतंय ना, भाडं राहिलं.

आणि हो, बिस्किटाचं सांगायचं राहिलंच. बहिणीनं दुसऱ्या दिवशी घरून पार्ले-जीचा पुडा नेला. आजोबांनी एक बुडवून खाल्लं, मान डोलावली आणि डायरी काढून लिहिलं, 'जमा १, खाजगी.'