सनद न्यूयॉर्कची, मुदत व्हिसाची

(दृश्य: विद्यापीठाचा परीक्षा विभाग, खिडकीवरची रांग)

मुंबईत एलएल.बी. करून न्यूयॉर्कमध्ये वकिली करायची, तर पहिली पायरी ही खिडकी. गुणपत्रिकांच्या प्रती पाकिटात जातात, पाकीट चिकटवलं जातं आणि जोडावर विभागाचा शिक्का बसतो. ते विद्यापीठानेच थेट न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाला पाठवायचं. उमेदवाराने स्वतः पाठवलं, तर मंडळ ते धरत नाही.

पदवी तपासल्यावर ती कमी पडली, तर तिथे २४ क्रेडिटचं एलएल.एम. करावं लागतं. त्यात व्यावसायिक नीतीचे २, संशोधन-लेखनाचे २, अमेरिकी कायदापद्धतीचे २ आणि बार परीक्षेच्या, म्हणजे सनदेच्या परीक्षेच्या, विषयांचे किमान ६ क्रेडिट हवेत. विषयाच्या नावावर विसंबू नये. तो कुठल्या गटात धरला जातो, ते कॉलेजकडून लेखी घ्यावं.

(दृश्य: जुलै, परीक्षेचं सभागृह)

पारदर्शक पिशवीत पेनं, ओळखपत्र, खाऊ. दोन दिवसांची परीक्षा: पहिल्या दिवशी लेखन, दुसऱ्या दिवशी २०० बहुपर्यायी प्रश्न. उत्तीर्ण व्हायला ४०० पैकी २६६ गुण. नीतीची परीक्षा वेगळी. शिवाय ५० तास विनामोबदला कायदेविषयक काम, तेही देखरेखीखाली. तास होतील तसतशा सह्या घ्याव्यात, नंतर माणसं सापडत नाहीत.

ग्रीन कार्ड मात्र इथे कुणी मागत नाही. वकिलीसाठी नागरिकत्वाची अट घालता येणार नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच ठरवलं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अपील न्यायालयाने फक्त ‘डाका’ संरक्षण (लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्यांना हद्दपारीपासून मिळणारं तात्पुरतं अभय) असलेल्या उमेदवारालाही सनद दिली.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर)

अडतं ते तारखांत. विद्यार्थी व्हिसावरची ओपीटी म्हणजे शिक्षण संपल्यावर १२ महिने कामाची परवानगी, त्यात बेकारीचे दिवस ९० पेक्षा जास्त नकोत. कॉलेजने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत ओपीटीचा अर्ज पोहोचला नाही, तर तो नाकारला जातो. बार परीक्षेचा निकाल ऑक्टोबरअखेरीस लागतो, मग चारित्र्य तपासणी. पुढे काम करायला लागणाऱ्या एच-१बी व्हिसासाठी सोडत निघते; तिची नोंदणी मार्चमध्ये, तोवर सनद हाती असेलच असं नाही. अशा वेळी व्हिसाच्या अर्जात ‘अॅटर्नी’ न लिहिता ‘लॉ क्लार्क’ लिहावं आणि काम परवानाधारक वकिलाच्या देखरेखीखाली असल्याचं दाखवावं. पात्रता सिद्ध केलेल्या माणसाला बहुधा ही एकच संधी मिळते, हा अन्यायच आहे.

(दृश्य: विमानतळ)

सोडतीत नाव निघालं नाही, तर ओपीटी संपल्यावर देश सोडायला ६० दिवस.