नऊ विसा आणि बारा

नमस्कार, श्रोतेहो.

आज आपण एका मतदारसंघाबद्दल बोलणार आहोत. मतदारसंघ सांगोला, जिल्हा सोलापूर. माणदेशातला, माण नदीच्या काठचा, पावसाची वाट बघत म्हातारा होणारा तालुका. सांगोला म्हटलं की तुमच्या तोंडात एकच नाव येणार, हे मला ठाऊक आहे. गणपतराव देशमुख. आबासाहेब. अकरा वेळा आमदार, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून. अकरा वेळा!

हा आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. पण मला आज दुसऱ्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. तो आकडा आहे 192. एकशे ब्याण्णव. लक्षात असू द्या, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आधी थोडा हिशेब सांगतो. महाराष्ट्र राज्य झालं 1960 साली, आणि राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली 1962 मध्ये. राज्यभर काँग्रेसचं वारं होतं. 264 पैकी 215 जागा काँग्रेसच्या. त्या वाऱ्यात शेतकरी कामगार पक्षाचे पंधरा जण उभे राहिले, टिकले. त्यांतले एक मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे तरुण वकील, सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख. मग 1967 ला पुन्हा तेच. 1972 ला मात्र काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले. त्यांचं निधन झालं, 1974 ला पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. पुढं 1978, 1980, 1985, 1990. मग 1995 ला पराभव. आणि परत 1999, 2004, 2009, 2014. मोजा तुम्ही बोटांवर, अकरा भरतात.

अकरा वेळा विजय, दोन वेळा पराभव. 1972 आणि 1995.

तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, पण मतदारसंघ बदलत बदलत. एकाच मातीला आयुष्य बांधून घेतलेली माणसं थोडी. केरळात पाला मतदारसंघाचे के. एम. मणी होते, आणि आपल्याकडे हे आबासाहेब. मंत्रिपद आलं दोनदा, 1978 ला आणि 1999 ला. एरवी बहुतेक काळ विरोधी बाकावर. आमदार असून एसटीनं फिरायचे, हे सोलापूर जिल्ह्यात कुणालाही विचारा. एसटीवरून सांगतो, श्रोतेहो, वाड्यावस्त्यांवरची मुक्कामाची गाडी बंद होते ना, तेव्हा तिथला म्हातारा माणूस निम्मा जगातून उठतो. मुक्कामाची गाडी बंद करू नये, तोट्यात असली तरी करू नये. असो.

तर 1995.

माझं आजोळ सांगोला तालुक्यातलं. गाव नाही, गावापासून तीन किलोमीटरवरची वस्ती. चार घरं, एक विहीर, विहिरीवर उंबर. मी तेव्हा पंढरपुरात नोकरीला होतो, सवड मिळाली की वस्तीवर जायचो. घरात आजी, मामा-मामी, मामाची दोन मोठी मुलं, त्यांच्यातल्या थोरल्याची बायको आणि मामाचे चुलते. सगळी मिळून सात मतं. ही सात मतं 1962 पासून कुठं जात होती, हे आमच्या वस्तीवर कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

मतदान आलं फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे शाळूची काढणी, हे तुम्हाला सांगायला नको. शाळू उपटायचा तो पहाटे, दव असताना. ऊन चढलं की पाला करवतीसारखा हात कापतो. त्या दिवशी बाया लावलेल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हत्या. चौघं जण सकाळीच गावातल्या शाळेत जाऊन मत टाकून आले. राहिले तिघं. आजी, मामा आणि मामी. दुपारी मामा म्हणाला, "आई, जायाचं का गं?" आजी म्हणाली, "आबासायब पडत्यात व्हय रं? तीन मतानं काय हुतंय? आधी ह्यो पट्टा उरकून घ्या."

पट्टा उरकला. दिवस मावळला. मतदान संपलं.

त्या वर्षी मतदान फेब्रुवारीत झालं आणि मोजणी मार्चमध्ये. जवळजवळ महिनाभर मतपत्रिका पेट्यांमध्ये बंद होत्या. हल्लीच्या मुलांना हे खरं वाटत नाही, त्यांना दुपारपर्यंत निकाल लागतो. मला तो महिना बरा वाटायचा. माणसं परत शेताला लागायची, भांडणं विरून जायची, आणि टीव्हीवर कुणी कोण येणार म्हणून ओरडत बसायचं नाही. मतदान आणि निकाल यांच्यात थोडी शांतता असावी, असं मला आजही वाटतं.

निकालाच्या दिवशी मी वस्तीवर होतो. ट्रान्झिस्टर उंबराला टांगलेला. प्रादेशिक बातम्यांत सगळ्या राज्याचं चाललेलं, युतीचं सरकार येणार म्हणून. सांगोल्याचं नाव काही येईना. संध्याकाळी मामाचा धाकटा पोरगा सांगोल्याहून एसटीनं आला, फाट्यावर उतरून चालत आला. लांबूनच त्याची चाल बघून आजी उठून उभी राहिली. तो ओट्यावर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "आबासाहेब पडले. शहाजीबापू आले." शहाजीबापू पाटील म्हणजे त्यांच्या समोरचे उमेदवार.

कुणी काही बोललं नाही. मग मामानं विचारलं, "कितीनं?"

"एकशे ब्याण्णव."

आजीला शंभराचा हिशेब येत नव्हता. ती विसात मोजायची, बाजारात, दुधाच्या हिशेबात, सगळीकडे. तिनं विचारलं, "म्हंजी किती इसा?" मी मनाशी हिशेब केला आणि सांगितलं, "आजी, नऊ विसा आणि बारा."

"नऊ इसा आन् बारा," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. "येवढीच?"

आणि मग तिनं जे केलं, ते मी आजतागायत विसरलो नाही. आत गेली, सुपात मूठभर शाळू घेऊन आली आणि ओट्यावर बसली. एकेक नाव घ्यायला लागली. त्या दिवशी मत टाकायला न गेलेल्या माणसाचं नाव, आणि एक दाणा बाजूला. शेजारच्या घरची सून, बाळंतपणाला माहेरी गेलेली, एक दाणा. विहिरीपलीकडचा म्हातारा, पाय मोडलेला, एक दाणा. पुण्याला हमालीला गेलेली दोघं भावंडं, दोन दाणे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर लग्न होतं, सगळं घर लग्नात, त्यांचे नऊ दाणे. मामी आठवून आठवून नावं सांगायची, आजी दाणा सरकवायची. कंदील लागला तरी चाललेलं. शेवटी मोजले. दोन विसा आणि तीन दाणे. त्रेचाळीस माणसं, तीही फक्त आमच्या आणि आजूबाजूच्या दोन वस्त्यांवरची. म्हणजे नऊ विसा बाराचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथंच, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरात.

मामा म्हणाला, "आई, ती समदी काय आबासायबांचीच मतं असत्यात व्हय?" बरोबर होतं मामाचं. शहाजीबापूंनीही रान उठवलं होतं, गावं पायाखाली घातली होती, त्यांचं यश त्यांचं होतं. आजीनं मान हलवली. म्हणाली, "बाकीच्यांचं मला ठावं न्हाई. ह्या तिघांचं ठावं हाय." आणि तिनं त्या त्रेचाळिसांतून तीन दाणे उचलले. स्वतःचा, मामाचा आणि मामीचा. उरलेले कोंबड्यांना टाकले. हे तीन चिंधीत बांधून देवळीत ठेवले.

साडेचार वर्षं ती पुरचुंडी देवळीत होती. मध्ये घर सारवलं, रंग दिला, ती हलली नाही. 1999 च्या सप्टेंबरात मतदान आलं. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढं. पहाटे उठून अंघोळ केली, नवं लुगडं नेसली, आणि गाडी येईपर्यंत थांबलीच नाही. तीन किलोमीटर चालत. शाळेचं दार उघडायच्या आधी रांगेत पहिली. मामा-मामीला मागं उभं केलेलं. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा एकदमच होती. बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट तिनं पदराला लागू दिलं नाही, वर धरून घरापर्यंत आली.

आबासाहेब निवडून आले. थोड्याच दिवसांत हस्ताचा पाऊस झाला, शाळूची पेरणी सुरू झाली. आजीनं देवळीतली पुरचुंडी सोडली आणि ते तीन दाणे पाभरीच्या चाड्यात टाकले. मामा म्हणाला, "आगं, ते किडलं असतील, उगवत न्हाईत." ती म्हणाली, "उगवू देत न्हाई तर नगं. मातीत गेलं म्हंजी झालं."

श्रोतेहो, वेळ बराच गेला, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला सांगोल्याची निवडणूक सांगताच येत नाही. अकरा विजय आपण पाठ करतो. मला वाटतं, मतदारसंघ समजून घ्यायचा तर त्याचे पराभवही पाठ करावेत. 1972, 1995. आणि तिसरा 2019.

तेव्हा आबासाहेबांनी वयोमानामुळं न लढायचं ठरवलं. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर पुन्हा शहाजीबापू पाटील, आता शिवसेनेकडून. शहाजीबापूंना 99464 मतं, अनिकेत यांना 98696. फरक 768. दोघांची मिळून दोन लाखांच्या जवळ मतं, आणि फरक आठशेच्या आत. हेच शहाजीबापू 2022 साली गुवाहाटीहून "काय झाडी, काय डोंगार" म्हणाले आणि घराघरांत पोचले. पण सांगोल्यात त्यांना माणसं त्याआधी पंचवीस वर्षांपासून ओळखत होती, पडत-उठत लढणारा माणूस म्हणून. एका वाक्यावरून माणूस ओळखायची सवय चांगली नाही.

30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले. मागं राहिली सूतगिरणी, 1993 पासून आटपाडीला भरत आलेल्या पाणी परिषदेची चळवळ, आणि टेंभू योजनेचं पाणी. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत आणायचं म्हणजे वेड, असं म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. आज त्याच रानात डाळिंब आहे. आणि उत्तमातलं उत्तम डाळिंब पेटीत भरून बाहेर जातं, वस्तीवरच्या पोराच्या हातात तडकलेलं येतं. हे मला पटत नाही. प्रत्येक बागेतल्या पहिल्या तोडणीतलं एक झाड गावच्या शाळेला द्यावं.

मग 2024. डॉ. बाबासाहेब देशमुख, आबासाहेबांचे दुसरे नातू, शेतकरी कामगार पक्षाकडून. समोर शिंदे यांच्या शिवसेनेचे शहाजीबापू आणि ठाकरे यांच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे. तिरंगी लढत. बाबासाहेब पंचवीस हजारांवर मतांनी आले. ज्या पक्षाचे 1962 ला पंधरा आमदार होते, त्याचा 2024 च्या विधानसभेत एकच, आणि तो सांगोल्याचा.

त्या दिवशी संध्याकाळी मामाचा फोन आला. मामा आता पंच्याऐंशीचा, ऐकू कमी येतं, त्यामुळं मोठ्यानं बोलतो. म्हणाला, "पंचवीस हजार तीनशे शहाऐंशी. किती इसा हुत्यात रं?"

मी कागद घेतला, भागाकार केला. म्हटलं, "मामा, बाराशे एकोणसत्तर विसा आणि सहा."

पलीकडं थोडा वेळ शांत होतं. मग म्हणाला, "सुपात मावायचं न्हाईत." आणि मामीला हाक मारून तो आकडा तिला सांगायला लागला.

नमस्कार.