ठोकलेली गाडी सुरू होत नाही तेव्हा

मित्रहो, ठोकलेली गाडी घेऊन येणारा मालक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, 'मार फारसा नाही, पण सुरूच होत नाही.' हे ऐकलं की आपला हात सवयीने बॅटरीकडे, नाहीतर सेल्फकडे, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरकडे, जातो. माझी विनंती आहे की तो हात जरा थांबवा. अपघातानंतर सुरू न होणारी गाडी नेहमी बिघडलेलीच असते असं नाही. कित्येकदा ती स्वतःहून बंद झालेली असते आणि धडक बसल्यावर तसंच व्हावं म्हणून ती तशी बनवलेली असते.

पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि विजेवर चालतो. धडकेत पाईप फाटला आणि पंप चालूच राहिला, तर पेट्रोल थेट तापलेल्या सायलेन्सरवर सांडेल. हे टाळायला अनेक गाड्यांत एक साधा स्विच बसवलेला असायचा. त्यात लोखंडी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असते. जोराचा धक्का बसला की गोळी जागेवरून सुटते, संपर्क तुटतो आणि पंप बंद पडतो. हा स्विच डिकीत किंवा पुढे पायापाशी, बाजूच्या पत्र्याआड सापडतो. वरचं बटण दाबलं की तो पुन्हा बसतो. नंतरच्या गाड्यांत असं बटण सापडत नाही. एअरबॅगचा कंट्रोल युनिट इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, 'धडक झाली' असा निरोप देतो आणि ईसीयू पंप थांबवतो. काही गाड्यांत इग्निशन ठराविक पद्धतीने बंद-चालू केलं की भागतं, काहींत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत तर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरच एक छोटी स्फोटक कळ असते. ती उडाली की सेल्फकडे जाणारी जाड केबल सुटते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र मुका. ती कळ परत बसत नाही, बदलावीच लागते.

म्हणून बटण शोधण्याआधी नाक वापरा. पेट्रोलचा वास येतोय का? टाकीखाली, फिल्टरपाशी, इंजिनावरच्या रेलपाशी ओल आहे का? ज्या कारणासाठी पंप बंद झाला ते कारण अजून तिथेच असेल, तर पंप पुन्हा चालू करणं म्हणजे स्वतःच्या हाताने आग लावणं. आणि स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड उघडायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा, कारण बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या युनिटमध्ये काही वेळ चार्ज उरतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर लावायचा नाही, कधीच नाही.

आता पुढचा प्रश्न, सेल्फ फिरतो का?

फिरत नसेल तर बॅटरी मोजा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. ठोकलेली गाडी कित्येक दिवस पडून असते, दार नीट लागत नाही, आतला दिवा जळत राहतो आणि बॅटरी उतरते. त्याचा धडकेशी थेट संबंधही नसतो. बॅटरी ठीक असेल तर अर्थिंग बघा. धडकेत इंजिन आपल्या माउंटिंगवर पुढे-मागे सरकतं आणि इंजिन ते बॉडी जाणारी पट्टी ताणून तुटते. एकदा दिवे लख्ख, सेल्फचा नुसता 'टक' असा आवाज, एवढ्यावरून मी सेल्फ बदलला होता. दोन दिवस गेले. तुटलेली होती ती पट्टी, आणि ती वरून शाबूत दिसत होती. तेव्हापासून डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं. किल्ली फिरवताना काही दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वाट अडलेली आहे.

तरीही फिरत नसेल तर क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. वाकलेला पंखा किंवा पुली अडकलेली असू शकते. गाडी उलटली असेल तर मात्र प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारूच नका. ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन फिरतं पण पकडत नाही, ही गोष्ट वेगळी. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा हलतो. तो अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. किल्लीचा दिवा मिचकावत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा.

सगळ्यात जास्त फसवतो तो पाच व्होल्टचा पुरवठा. ईसीयू अनेक सेन्सरना एकाच पाच व्होल्टच्या वायरवरून वीज देतो. समोरच्या मारात हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पत्र्यात चेंगरतो, एसीच्या प्रेशर सेन्सरची वायर बॉडीला लागते, आणि तेवढ्याने त्याच वायरवरचे बाकीचे सेन्सरही खोटं बोलू लागतात. स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड येतात. अशा वेळी चार सेन्सर मागवू नका. पाच व्होल्ट मोजा, आणि कमी असतील तर मार बसलेल्या बाजूपासून एकेक कनेक्टर काढत जा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तिथेच दोष आहे.

स्कॅनर बोलतच नसेल तर बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. जिथे या पिनांवर कॅन बस, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी, थेट येते तिथे साधारण ६० ओहम हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, जास्त व्होल्टची नारिंगी केबल दिसत असेल आणि तुमचं त्या कामाचं प्रशिक्षण नसेल, तर हात लावू नका.

आणि गाडी सुरू झालीच, तर लगेच रेस करू नका. ऑइल प्रेशरचा दिवा विझला का बघा, मिनिटभराने इंजिन बंद करा, आणि टॉर्च घेऊन गाडीखाली बघा, काही ठिबकतंय का.