पान वेगळं काढताना

(वेंगुर्ल्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आत्ता पीडीएफ पडलेल्या असणार. सातबारा, आठ अ, वारसाचा फेरफार, मुलांच्या मार्कशीट, देवस्थानची स्मरणिका. आणि मुंबईचा चुलतभाऊ सांगत असणार, ‘सगळां नको, आपल्या नावाचा पान तेवढा धाड.’ ते पान वेगळं काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे. मला बोलायचंय ते, त्या पानाबरोबर काय येतं आणि काय मागे राहतं, यावर.

ॲडोबी कंपनीने पीडीएफ १९९३ मध्ये आणली आणि २००८ मध्ये ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक झाली. इतिहास एवढा पुरे. घरी गेल्यावर एखादी पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडून बघा. बराचसा मजकूर अगम्य दिसेल, बिचकू नका. पहिल्या ओळीत टक्क्याची खूण, पीडीएफ ही अक्षरं आणि आवृत्तीचा आकडा असतो. अगदी तळाला फाइल संपल्याची खूण आणि तिच्या वर एकटाच एक आकडा. आतल्या अनुक्रमणिकेचा तो पत्ता: सुरुवातीपासून कितव्या बाइटवर (बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढं माप) ती आहे. वाचणारा प्रोग्राम आधी शेपटाकडे जातो, तो आकडा उचलतो, अनुक्रमणिका गाठतो आणि तिच्या आधाराने पान, फॉन्ट, चित्रं गोळा करतो. त्यामुळे पाचवं पान फाइलीत चौथ्याच्या मागेच असेल, असं काही नाही.

फॉन्ट आणि चित्रं तर बऱ्याच पानांत मिळून असतात. आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते, कलमं मोजून घेतली जातात, पण विहीर सामाईक राहते ना, तसं. पीडीएफचे तुकडे केले की मात्र सामाईक काही ठेवता येत नाही, प्रत्येक तुकड्याला आपली विहीर लागते. म्हणून शंभर पानांच्या शंभर फाइली केल्या, तर सगळ्यांचं वजन मिळून मूळ फाइलीपेक्षा जास्त भरू शकतं. काही फाइलींत तर सगळ्या चित्रांची एकच यादी प्रत्येक पानाला जोडलेली असते. साधन अडाणी असेल तर एका पानासोबत ती अख्खी यादी ओढून आणतं, आणि एका पानाची फाइल मूळ फाइलीएवढीच जड होते. क्यूपीडीएफ नावाचं मोफत साधन अशा वेळी त्या पानाला न लागणारी चित्रं गाळून टाकतं.

आता काय मागे राहतं ते बघू. पहिली जाते ती डिजिटल सही. आपल्या कोकणातला सातबारा म्हणजे सहहिस्सेदारांची ही लांबलचक यादी, तो एका पानात मावतो कुठे! म्हणून लोक आपल्या नावाचं पान काढतात आणि पुढे देतात. पण डिजिटल सही ही त्या पानावर दिसणारी हिरवी खूण नव्हे. फाइलीच्या बाइटवरून गणित करून ती बसवलेली असते. पान वेगळं काढलंत की ती नवी फाइल झाली, आणि जुन्या सहीचा तिच्याशी संबंध संपला. खूण दिसत राहील, पण तपासणी केली तर सही सिद्ध होणार नाही. भावाला नुसतं बघायला पाठवायचं असेल तर खुशाल तोडा. बँकेत किंवा कचेरीत द्यायचं असेल तर अख्खी मूळ फाइलच द्या.

याच्या उलट, जे गेलं असं आपल्याला वाटतं ते कधीकधी आतच असतं. पान क्रॉप केलं की बाकीचा भाग नाहीसा झाला, असा आपला समज. क्रॉप म्हणजे बहुतेक वेळा दिसण्याची चौकट लहान करणं. चौकटीबाहेरचा मजकूर फाइलीत शाबूत असतो आणि ज्याला कळतं तो चौकट पुन्हा मोठी करतो. आधारच्या पीडीएफवर हा प्रयोग करणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. पान डिलीट करून सेव्ह केलं तरी तेच होऊ शकतं. काही प्रोग्राम जुन्याला हात न लावता बदल फक्त शेवटी जोडतात. पान दिसत नाही, पण असतं.

साधनांचं थोडक्यात. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये फाइल उघडा, प्रिंट द्या, प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा आणि पानांच्या रकान्यात ३-५, ९ असं लिहा. मोबाइलवरही प्रिंटमधूनच होतं. मात्र हे पान नव्याने छापल्यासारखं असतं, त्यामुळे आतल्या लिंक, भरायचे फॉर्म, फाइलीचा पासवर्ड यांचा भरवसा धरू नका. नेहमीचं काम असेल तर पीडीएफसॅम बेसिक घ्या. मोफत आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. पानांप्रमाणे, बुकमार्कप्रमाणे, वजनाप्रमाणे तुकडे करतं. कुठल्यातरी अनोळखी साइटवर फाइल चढवून तुकडे करून घ्यायची सवय मला अजिबात पसंत नाही. भजनाच्या वहीला चालेल, जमिनीच्या कागदांना नको. शिवाय इथली रेंज धरली तर फाइल चढेपर्यंत घरच्या घरी काम होऊन जातं.

स्मरणिकेवाल्यांसाठी एक. छापलेलं पान १ आणि फाइलीतलं पान १ वेगळं असतं. मुखपृष्ठ, जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत हे सगळं आधी येतं. रकान्यात फाइलीतलाच आकडा लिहायचा. तुकड्यांना नावं देताना ००१, ००२ असं लिहा, नाहीतर १ च्या मागोमाग १० येऊन बसतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, तुकडे करूनही मेल का जात नाही? जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. तेव्हा १८ एमबीच्या आतले तुकडे धरा. आणि एकेक पानच जड असेल तर तोडून उपयोग नाही. ए-४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत स्कॅन केलं की ते २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं चित्र होतं. न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता ठेवलं तर सुमारे २६ एमबी. नुसता काळा मजकूर असेल तर स्कॅन करतानाच ग्रेस्केल (रंगांऐवजी करड्या छटा) निवडा, दाबून सेव्ह करा, आणि मग तोडायची गरज उरते का ते बघा.