शीर सापडत नाही तेव्हा

परळला उतरलात की केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही हॉस्पिटलं एकमेकांपासून चालत जायच्या अंतरावर. अशा कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मूठ घट्ट आवळा बघू, शीर मिळत नाहीये."

केमो घेऊन घेऊन शिरा कडक झालेल्या असतात, जुलाबाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, कोणी अंगाने जाड असतं, आणि मग एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं, हात काळानिळा. सिस्टरवर चिडून काय होणार, ती पण बोटाला जे लागतंय त्या अंदाजानेच सुई घालत असते.

आपण जिला इंट्राकॅथ म्हणतो ती म्हणजे सुईवर चढवलेली मऊ प्लॅस्टिकची नळी. सुई शिरेत गेली की मागच्या पारदर्शक भागात रक्त दिसतं, मग नळी पुढे सरकवायची आणि सुई बाहेर. हिरवी 18 नंबरची, गुलाबी 20, निळी 22, पिवळी 24. नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक, म्हणून लहान बाळांना बहुतेक पिवळी. नवीन सेफ्टीवाल्या प्रकारात सुई बाहेर येताना तिच्या टोकावर आपोआप क्लिप बसते. ही क्लिप पेशंटसाठी नाही, सिस्टरसाठी आहे, कारण वापरलेली सुई बोटाला लागली तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळ्याचा धोका, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलतच नाही.

आता शीर शोधायची मशीन. व्हेन फाइंडर इन्फ्रारेड प्रकाश टाकतं, शिरेतलं रक्त तो शोषून घेतं आणि त्वचेवर शिरांचं जाळं काळ्या रेषांमध्ये उमटतं. बघायला भारी वाटतं, पण ते फक्त वरवरच्या शिरा दाखवतं आणि शीर किती खोल आहे ते सांगत नाही.

खरी मदत होते सोनोग्राफीची. जेली लावून प्रोब ठेवला की स्क्रीनवर दोन काळे गोल दिसतात, हलकं दाबा, जो चेपला ती शीर, जो चेपत नाही आणि ठोके देतो ती धमनी. मानेतून सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी, टाकताना तर हा फरक जीवावरचा, कारण धमनी अगदी शेजारी आणि खाली फुप्फुसाचं टोक. तिथे आधी सुई, सुईतून बारीक तार, मग सुई काढून तारेवरून नळी. ही पद्धत 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी मांडली, आजही तीच चालते. फक्त तेव्हा बोटाने चाचपून घालायचे, आता सुईचं टोक सतत स्क्रीनवर दिसत राहायला हवं, टोक दिसेनासं झालं की थांबायचं, पुढे ढकलायचं नाही.

माझं स्पष्ट मत आहे, ही सोनोग्राफीची मशीन आयसीयूच्या दाराआड ठेवून भागणार नाही, जनरल वॉर्डात यायला हवी आणि सिस्टरना शिकवायला हवी, कारण दिवसभर टोचायचं काम त्याच करतात.

आणि तुम्ही ॲडमिट असाल तर, सलाईन चालू असताना हात जळजळला, सुजला, लाल झाला तर राउंडची वाट बघू नका, लगेच हाक मारा. डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलेला हात असेल तर टोचायच्या आधीच सांगा, त्या हाताला नको.