रुग्ण का येत नाही?

[दृश्य: मदुराई, सकाळ. रुग्णालयाचं आवार.]

दिवस नुकता उजाडलाय, पण अरविंद नेत्र रुग्णालयात गर्दी झालीसुद्धा. कुणी मुलाचा हात धरून आलंय, कुणी नातीचा. या रांगेत उत्पन्नाचा दाखला घेऊन कुणी उभं नाही, कारण तो इथं मागतच नाहीत. पैसे भरून दाखवायचं की फुकट, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. डॉक्टर दोन्हीकडे तेच, आळीपाळीनं.

हे परवडतं कसं, ते शिकायला गेली तीस वर्षं देशोदेशीची माणसं इथं येतायत. त्यांत डॉक्टर असतातच. आपली गोष्ट मात्र त्यांच्याबरोबर येणाऱ्या मॅनेजर मंडळींची आहे.

[जुना फोटो: डॉ. वेंकटस्वामींचे हात.]

हे हात बघा. संधिवातानं बोटं पार वाकडी झालेली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी याच बोटांना शस्त्र धरायची सवय लावली आणि लाखावर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 1976 मध्ये, त्यांनी 11 खाटांचं रुग्णालय काढलं. डोळ्यांपुढे नमुना होता मॅकडोनाल्ड्सचा.

आता, डोळ्यांच्या डॉक्टरनं बर्गरवाल्याकडून काय घ्यावं? गाव कुठलंही असो, करणारा कुणीही असो, पदार्थ तोच आणि तसाच मिळतो, ही शिस्त. इथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलं शेजारी-शेजारी असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू, दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. मायक्रोस्कोप वळवला की सर्जन पुढच्या डोळ्याकडे. बाकीची तयारी करतात खेड्यांतून निवडून, दोन वर्षं शिकवून तयार केलेल्या मुली.

1992 मध्ये हे सगळं इतरांना शिकवायला वेगळी संस्था उभी राहिली, लायको. तिच्या नावातला पहिला शब्दच ‘लायन्स’. शाळेच्या पटांगणातल्या शिबिराच्या फलकावर आपण वाचतो, तेच हे लायन्स क्लब. अमेरिकेतली सेवा फाउंडेशन, अंधत्व टाळण्यासाठी काम करणारी संस्था, आधीपासून सोबतीला होती. आणि लायकोची घडी बसवली आर. डी. तुलसीराज यांनी. ते डॉक्टर नाहीत, कोलकात्याच्या आयआयएममधून शिकलेले व्यवस्थापक आहेत.

त्याच वर्षी ऑरोलॅब हा अरविंदचा लेन्सचा कारखानाही सुरू झाला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची लेन्स तेव्हा परदेशातून यायची, शंभर डॉलरच्या घरात. ऑरोलॅबनं ती दहा डॉलरच्या आसपास आणली.

[दृश्य: गावातलं नेत्रशिबिर. मांडव, सतरंजी, तपासणीचा तक्ता.]

मार्केटिंग म्हटलं की दवाखान्यातली माणसं जरा अवघडतात. चौकातला फ्लेक्स आठवतो, हसरे डॉक्टर आणि ‘पन्नास टक्के सवलत’. इथं त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि तो अरविंदला स्वतःच्याच फजितीतून कळला.

शिबिरं जोरात चालली होती. मांडव भरायचा. मग पाहणी केली, तेव्हा दिसलं की डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी शिबिराला येतात जेमतेम सात टक्के. तपासणी फुकट असून!

फुकट कसलं? बसचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, बाहेरचं खाणं. घरी गुरं कोण बघणार? त्यात भीती. आणि ‘वय झालं, आता कमी दिसायचंच’ ही समजूत, तिच्यापुढे तर कुठलाही फ्लेक्स लंगडा.

ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली, त्यांना बसमधून थेट मदुराईला न्यायचं, जेवण-राहणं बघायचं आणि परत आणून सोडायचं, असं ठरलं. चष्म्याचा नंबर नुसता कागदावर लिहून दिला की तो कागद घरीच पडून राहायचा, म्हणून चष्मा मांडवातच बनवून द्यायला लागले. तेवढ्यानंही न येणाऱ्यांसाठी गावाजवळ छोटी दृष्टी केंद्रं काढली. खेड्यात इंटरनेट धड नव्हतं, तेव्हा बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संगणकवाले तामिळनाडूतल्या थेनीला आले. त्यांनी लांब पल्ल्याचं वायफाय जोडून दिलं. केंद्रातली ताई डोळे तपासते, थेनीतल्या अरविंदच्या रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतो.

बर्गरवाला, क्लबवाले, संगणकवाले. मोतीबिंदू काढणं हे यांतल्या एकाचंही काम नव्हे.

[दृश्य: वर्ग. एका रुग्णालयाची माणसं एकाच टेबलाभोवती.]

लायकोची पद्धत अशी. आधी त्यांची माणसं तुमच्या रुग्णालयात येऊन सगळं बघून जातात. मग तुमची अख्खी तुकडी मदुराईला येते: डॉक्टर, मॅनेजर, ट्रस्टी. एकट्या मॅनेजरला शिकवून पाठवला, तर परत गेल्यावर त्याचं ऐकणार कोण? तीनशेहून जास्त रुग्णालयं या वाटेनं गेलीत. यात गंमत म्हणजे अरविंद हातचं काही राखत नाही. आपल्या मसाल्याचं प्रमाण शेजारणीला सांगताना एखादा जिन्नस मुद्दाम विसरायचा, ही आपली रीत. इथं फॉर्म, वेळापत्रकं, हिशेब, सगळं समोर मांडतात. नंतर पुन्हा येऊन विचारतातही, ठरवलं होतं त्याचं काय झालं?

टेबलावर आता आराखड्याचा कागद आहे. रुग्ण आणायला गाडी कुणाची? डिझेल कुणाकडे? चष्मे मांडवात कोण बनवणार? प्रत्येक ओळीपुढे एक नाव हवं, एक तारीख हवी. डिझेलच्या ओळीशी सगळे थबकलेत. डॉक्टर मॅनेजरकडे बघतात, मॅनेजर ट्रस्टींकडे.

ट्रस्टी पेन शोधतायत.